सासूच्या वळणावरचा दगड

सावंतवाडीहून आणलेलं ते लाल लाकडी बदक चार चाकांचं होतं आणि त्याच्या गळ्यात हातभर दोरी होती. तात्या दोरी धरून ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत न्यायचे. दोरी धरलेला हात दारातून नीट वळायचा, पण बदक आतून कोपरा कापायचं आणि हमखास चौकटीला धडकायचं. गोधडीवर पालथी पडलेली सात महिन्यांची रेणू दर वेळी तितक्याच आनंदानं खिदळायची.

"हसू नका, बाईसाहेब," तात्या नातीला सांगायचे. "तुमच्या आजोबानं बत्तीस वर्षं याच्यावर भाकरी खाल्ली. पुढचं चाक जिथनं जाईल तिथनं मागचं जात न्हाई. ते कायम आतनं जातं. गाडी जेवढी लांब, तेवढं जास्त आतनं."

मयूरी, त्यांची सून, डबा भरता भरता ऐकायची. निनाई घाटाच्या माथ्यावरच्या नियंत्रण कक्षात ती रोज हेच गणित पडद्यावर बघत असे. तिथलं बदक साठ फूट लांब असायचं आणि चौकटीच्या जागी माणसांनी भरलेल्या मोटारी असायच्या.

घाटातल्या ट्रेलरांवरून ड्रायव्हर उतरले त्याला तीन वर्षं झाली होती. आता सगळा घाट 'मेळ' नावाची यंत्रणा चालवायची. नाक्यावर आलेली प्रत्येक गाडी, मग तो मालाचा ट्रेलर असो की कुणाची घरची मोटार, मेळाच्या ताब्यात जायची. स्टेअरिंग कडक व्हायचं आणि पुढचे अकरा किलोमीटर माणसानं हात मांडीवर ठेवून बसायचं. मेळ प्रत्येक ट्रेलरची 'सावली' काढायचा. उन्हातली नव्हे, वळताना ट्रेलरचं तोंड, पोट आणि शेपटी मिळून रस्त्याचा जेवढा तुकडा झाडून काढणार, तेवढा तुकडा. पूर्वी माणसं हा तुकडा नजरेनं जोखायची आणि कधी कधी चुकायची. मेळ तो सेकंदाला शंभर वेळा मोजायचा आणि त्यात येऊ घातलेल्या मोटारीला आधीच चार हात मागं सरकवायचा. तीन वर्षांत निनाई घाटात पत्र्याला पत्रा लागला नव्हता.

मेळाला हे शिकवलं होतं माणसांनीच. सुरुवातीला वर्षभर घाटातल्या बारा मुरलेल्या ड्रायव्हरांच्या स्टेअरिंगला आणि ब्रेकला मोजणीची यंत्रं लावली होती. त्यांतले एक हणमंत शेडगे, म्हणजे तात्या. त्यांचा प्रत्येक वळसा टिपला गेला. वर्ष संपलं तेव्हा बाराही जणांना शाल, नारळ आणि घरी बसायचा कागद मिळाला.

"माझे हात काढून तुमच्या यंत्राला लावले म्हणायचे," असं तात्या एकदाच बोलले होते, मयूरीला कक्षातली नोकरी लागली त्या संध्याकाळी. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि हेच मयूरीला जास्त टोचायचं.

बाळंतपणाची रजा संपल्यावर प्रश्न आला दुधाचा. रेणू बाटलीला तोंड लावत नव्हती. मयूरीचा नवरा चाकणला, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. सासूबाई रेणूच्या जन्माआधीच गेल्या होत्या. रेणूला नाव त्यांचंच. कक्षातून आठ तास हलायची सोय नव्हती. तेव्हा तात्याच म्हणाले, "मी आणतो की तिला वर. एक वाजता पाजायची आणि लावून द्यायची."

गेले तीन महिने ते रोज दुपारी नातीला मागच्या सीटवरच्या तिच्या खुर्चीत बांधायचे आणि आपल्या जुन्या विजेच्या मोटारीतून घाट चढायचे. ज्या घाटात त्यांनी बत्तीस वर्षं दुसऱ्या कुणाला स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता, तिथं मांडीवर हात ठेवून. मयूरीला ते दिसत होतं. पण सासऱ्यांशी अशा गोष्टी बोलायच्या कशा, हे तिला येत नव्हतं. ती फक्त विचारायची, "त्रास नाही ना दिला हिनं?" आणि ते म्हणायचे, "ही न्हाई देत. तुझी ती बया स्टेअरिंग आवळती, तिचा होतो."

मे महिन्यातला मंगळवार होता. बारा बावन्न झाले होते.

घाटातलं नववं वळण सगळ्यांत आवळ. ड्रायव्हर लोक त्याला 'सासूचं वळण' म्हणत, कारण मान खाली घालून गेलं तरच सुटका. वरून मोठा ट्रेलर उतरणार असला की चढणाऱ्या मोटारींना मेळ वळणाच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या कडेनं थांबवून ठेवायचा. दोनचार मिनिटांचाच थांबा. तेवढ्यात लोक दार उघडून पाय मोकळे करायचे.

साखरेची पोती घेऊन बंदराकडं निघालेला एक ट्रेलर वळणात शिरला. त्याचं तोंड वळून खाली उतरू लागलं, शेपटी आतून येऊ लागली. मेळानं थांब्यावरच्या पहिल्या मोटारीला हुकूम दिला, चार हात मागं ये. मोटार आली नाही. मेळानं पुन्हा सांगितलं. मोटारीच्या यंत्रानं जोर लावला, पण चाक फिरलं नाही. तिसऱ्या खेपेला मेळानं ट्रेलर जागच्या जागी उभा केला. ट्रेलरची कूस आणि मोटारीचा उजवा कोपरा यांत अंतर उरलं होतं अकरा सेंटिमीटर.

पडद्यावर मोटार लाल झाली. खाली अक्षरं उमटली: नादुरुस्त अडथळा. गाडी सावलीत असेपर्यंत हा शिक्का कक्षातूनही काढता येत नसे.

नादुरुस्त ठरलेल्या गाडीबाबत दोन गोष्टी आपोआप व्हायच्या. विजेची गाडी पेट घेऊ नये म्हणून तिची मुख्य बॅटरी तोडली जायची. आणि गाडी सावलीत असेल तर तिची सगळी दारं बंद व्हायची, म्हणजे घाबरून कुणी ट्रेलरच्या चाकाखाली उतरू नये. हा दुसरा नियम मयूरीचाच. दोन वर्षांपूर्वी सातव्या वळणावर एक बाई अशीच उतरली होती आणि पायानं अधू झाली होती. मयूरीनं अर्ध्या पानाची सूचना लिहून पाठवली. ती चाळीस घाटांत लागू झाली आणि तिला 'निनाई नियम' म्हणू लागले. कक्षाच्या भिंतीवर तेव्हाचं प्रशस्तिपत्रक अजून होतं.

मयूरीनं मोटारीचा नंबर वाचला. मग तिनं तो पुन्हा वाचला.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. मागं रेणू रडत होती. भुकेचं, लयीत येणारं रडणं. मयूरीच्या छातीत दूध उतरलं आणि ओढणीखाली ओल पसरली.

"तात्या, ठीक आहात ना?"

"आम्हाला काय धाड भरलीय? तुझा ट्रेलर मात्र माझ्या कानात काहीतरी सांगायला आल्यासारखा उभा आहे. जरा मागं घे की त्याला. आणि हिचं ते गार वारं बंद पडलंय, काच पण उतरत न्हाई."

"बॅटरी तोडलीय त्यानं. दाराची कडी हातानं उघडते का बघा."

कडीचा खटखट आवाज आला. एकदा, दोनदा. "न्हाई उघडत. आणि उघडून करायचं काय? इकडं ट्रेलर, तिकडं डोंगर. वितभर फट न्हाई."

"मागची काच फुटते का बघा."

"कशानं? जॅक डिकीत. ढोपरानं हाणली मी एक. आताच्या काचा फुटत न्हाईत गं, नुसती जाळी धरत्यात."

मोटारीतली छोटी बॅटरी अजून जिवंत होती, म्हणून आतलं तापमान मयूरीच्या पडद्यावर दिसत होतं. अडतीस. ती बघत असतानाच एकोणचाळीस झालं. मागच्या मोटारीसुद्धा त्याच सावलीच्या साखळीत अडकल्या होत्या, त्यांचीही दारं बंद. नाक्यावरचा गस्तीवाला पायी निघाला तरी चाळीस मिनिटं. मेळानं क्रेन मागवली होती, कराडहून. अडीच तास.

"तात्या, मोटार मागं का येत नाही? कालपर्यंत ठीक होती. ब्रेक ओढलाय का तुम्ही?"

"ब्रेकला हात लावून देती होय ती तुझी बया?"

"मग चाक का फिरत नाही? आठवा ना. काही केलंत का?"

तात्यांचा आवाज अगदी हळू झाला.

"मयूरी, चाकामागं दगड लावलाय."

"कुणी?"

"कुणी म्हंजे? मीच. थांब्यावर उतरलो आणि लावला. रोज लावतो. चढणीला गाडी उभी केली की मागच्या चाकाला दगड लावायचा, बत्तीस वर्षांची सवय. तुझं यंत्र धरून ठेवतं म्हणत्यात, पण आत पोर असतीया. माझा जीव कसा राहणार? रोज निघताना काढतो. आज ही रडायला लागली म्हणून पळत आत आलो आणि राहिला."

मयूरीनं डोळे मिटले. मेळाला शंभर गोष्टी दिसत होत्या, पण दगड हा शब्द त्याच्या यादीत नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं, की चाकाला फिरायला सांगितलं आणि ते फिरलं नाही.

"आता तो निघेल कसा?"

"गाडी वितभर पुढं घेतली की सुटतो."

पण पुढं सावली होती. सावलीत मोटार हलवायची नाही, हा मेळाचा पहिला नियम. ट्रेलर पुढं काढावा तर शेपटी आणखी आत येणार आणि मोटारीची कूस फाडणार. उरला एकच मार्ग, ट्रेलर तीन हात मागं, चढाकडं घेण्याचा. मयूरीनं तसा हुकूम टाकला. मेळानं तत्काळ उत्तर दिलं: उलट वळणाचा नमुना उपलब्ध नाही.

तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"नमुना म्हंजे?" तात्यांनी विचारलं.

"त्याला कुणी शिकवलंच नाही, तात्या. बारा जणांनी वर्षभर चालवलं, पण सासूच्या वळणावर एकदाही कुणी मागं घेतलं नाही, असं दिसतंय."

पलीकडं एक सुस्कारा ऐकू आला. "घेतलं की. मीच दोनदा घेतलं."

"मग?"

"आमच्यात रीत होती. सासूचं वळण एका दमात काढायचं. ज्याला मागं घ्यावी लागली, त्यानं माथ्यावर सगळ्यांना भजी चारायची आणि महिनाभर बोलणी खायची. आणि ते यंत्र तर कायमचं लिहून ठेवणार. हणमंत शेडग्यानं मागं घेतली, हे लिहून ठेवायचं? मागं घ्यायची वेळ आली की आम्ही त्याची वायर काढायचो. पुढं गेल्यावर लावायचो. बाराही जणांनी तेच केलं असणार. कोण कबूल करतंय."

मयूरीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. आत बेचाळीस अंश झाले होते.

मुख्य कक्षातून आवाज आला. दिलशाद मॅडम, साताऱ्याहून आठ घाटांवर नजर ठेवणाऱ्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा. "मयूरी, नऊ नंबरला अडकलेली गाडी हणमंत शेडगे यांच्या नावावर आहे. तुझं आडनाव शेडगे. यंत्रणेनं नात्याची पडताळणी सुरू केलीय."

"सासरे आहेत माझे. आत माझी मुलगी आहे. सात महिन्यांची."

नियम असा होता, की अडकलेल्या गाडीत घरचं माणूस असेल तर त्या कर्मचाऱ्यानं खुर्ची सोडायची, कारण त्याचा हात थरथरतो.

"नियमानं मला तुला उठवायला हवं."

"उठवा. मग ट्रेलर कोण मागं घेणार?"

"कुणीच नाही. क्रेन येईपर्यंत थांबायचं, असं लिहिलंय."

"मॅडम, आत त्रेचाळीस आहे. अडीच तास."

"मला दिसतंय ते." दिलशाद मॅडमनी घसा साफ केला. "हातानं चालवलायस का कधी ट्रेलर?"

"सरावाच्या पडद्यावर. पुढं. मागं कधीच नाही."

"आणि मागं घेणं म्हणजे काय असतं, माहीत आहे ना?"

मयूरीला माहीत होतं. दोरीनं ओढलेलं बदक कोपरा कापतं, पण शेवटी आपल्या मागूनच येतं. तेच बदक काठीनं मागून ढकललं तर ते सरळ जातच नाही. बोटभर तिरपं झालं की अधिक तिरपं होत जातं आणि शेवटी आडवं पडतं. ओढताना चूक आपोआप कमी होते आणि ढकलताना ती वाढत राहते. साठ फुटांचा ट्रेलर मागं घेताना असा आडवा पडला, तर त्याचं तोंड पोटाला भिडतं, घडीच्या चाकूसारखं, आणि मग त्याला क्रेनही चटकन सोडवू शकत नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मोटारीत ज्यांना येतं ते बसलेत."

दिलशाद मॅडम म्हणाल्या, "माझ्या पडद्यावर तुझं नातं अजून पडताळणीत दिसतंय. पडताळणीला सहा मिनिटं लागतात."

"तीन लागतात, मॅडम."

"आज सहा लागतायत. लवकर कर."

मयूरीनं टेबलाखालचं छोटं स्टेअरिंग बाहेर ओढलं. ट्रेलरचा ताबा मेळाकडून तिच्या हातात आला, तेव्हा ते किंचित थरथरलं, झोपेतून उठवल्यासारखं. शेपटीच्या उजव्या कॅमेऱ्यात फक्त पांढरा पत्रा दिसत होता, मोटारीचा. अंतर सांगणारा आकडा इतक्या जवळून भरकटत होता, कधी नऊ, कधी चौदा. त्यात घाटातली दृश्यं पाव सेकंद उशिरा यायची.

"तात्या, मला काही दिसत नाही. तुम्हीच सांगा."

"मला चाक दिसतंय. कूस दिसतीय. मधे चार बोटं आहेत, जाड माणसाची." त्यांचा आवाज बदलला होता. तीन वर्षांत मयूरीनं तो ऐकला नव्हता. "ऐक. मागं घेताना तोंडाचं ऐकायचं न्हाई, शेपटीचं ऐकायचं. आणि घाई न्हाई. मुंगी चालल्यागत. आता स्टेअरिंग फिरव. माझ्याकडं."

"तुमच्याकडं?"

"उजवीकडं. पोरीकडं."

मयूरीचे हात जागेवरच राहिले. पडद्यावर उजवीकडं पांढरा पत्रा होता आणि त्याच्या आत रेणू. अंगातला कण न् कण सांगत होता, डावीकडं, दरीकडं, लांब.

"तात्या, उजवीकडं तुम्ही आहात."

"मागं घेताना सगळं उलटं होतं, पोरी. लांब न्यायची म्हणून डावीकडं फिरवलीस, तर तोंड दुमडंल आणि शेपटी आमच्या तोंडावर झाडू मारील. आमच्याकडं फिरव, तवा ती आमच्यापासनं जाईल. मी खोटं सांगतोय का?"

"नाही."

"मग फिरव. अर्धा वेढा."

तिनं फिरवलं. आपल्या लेकराच्या दिशेनं, अर्धा वेढा. मग उलटा गिअर टाकून ब्रेक केसभर सैल केला आणि तेवढाच जोर दिला. पाव सेकंद काहीच झालं नाही. मग साखरेचा तो डोंगर कण्हत मागं सरकला.

"चार बोटं," तात्या म्हणाले. "चार. चारच. चालू दे. आता साडेतीन. घाबरू नकोस, येणार होती ती एवढी. चाक वर चाललंय. आणखी जरा माझ्याकडं. बास. धर तसंच."

रेणूचं रडणं चिरकं झालं होतं. मग ते तुटक झालं. मग थांबलं.

"तात्या, ती गप्प का झाली?"

"तू ट्रेलर बघ."

"तात्या, गप्प का झाली?"

"दमलीय. बोट चोखतीय माझं. डोळे उघडे आहेत, माझ्याकडं बघतीय. पुढच्या दोन सीटांच्या मधनं हात घातलाय मी मागं, एक डोळा हिच्याकडं आणि एक तुझ्या चाकाकडं. तू तुझं काम कर, मी माझं करतो. चार बोटं. पाच. शाबास. आता वीत झाली बघ."

पंचेचाळीस अंश. मयूरीच्या हातांना घाम सुटला होता, पण ते थरथरत नव्हते. नियम लिहिणाऱ्यांना हे माहीत नसावं. तिला तात्यांची बोटं दिसत होती, रेणूला सर्दीत ओव्याची पुरचुंडी शेकताना उष्णता जोखणारी, बदकाची दोरी धरणारी. मेळाकडं त्या हातांच्या कितीतरी हालचाली साठवलेल्या होत्या. ही एकच त्यानं पाहिली नव्हती.

"आता सरळ कर स्टेअरिंग. हळू. तोंड दुमडायला बघतंय, दिसतंय मला आरशात. परत जरा माझ्याकडं. हां. दोन विती. हात झाला. दीड हात. थांब."

ती थांबली. पडद्यावर ट्रेलरची सावली मोटारीवरून ओसरली, आणि लाल मोटार पिवळी झाली. मयूरीनं अडथळ्याचा शिक्का काढून टाकला, तशी मोटारीची बॅटरी परत जोडली गेली. फोनमध्ये चारी काचा एकदम खाली जाण्याचा आवाज आला आणि त्यामागून वाऱ्याचा. रेणूनं एक लांब श्वास घेतला आणि असं भोकाड पसरलं, की मयूरीनं टेबलावर कपाळ टेकलं.

"रडतीय," तात्या म्हणाले. "झकास रडतीय. आता मला वितभर पुढं घे, म्हंजे माझा शहाणपणा काढतो चाकाखालनं."

दगड निघाल्यावर मोटार मागं सरकली आणि ट्रेलर उतरून गेला. माथ्यावर आलेल्या मोटारीतून तात्यांनी रेणूला काढून मयूरीच्या हातात दिलं, तेव्हा ती घामानं भिजलेल्या चिमणीसारखी झाली होती. मयूरीनं तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसलं आणि भिंतीकडं तोंड करून तिला घेतलं. बाकीचा घाट थांबलेलाच होता. नाक्यावर दोन्ही बाजूंना गाड्या साचल्या होत्या. मेळ दर मिनिटाला विचारत होता, सुरू करू का? तिनं आधी एक बाजू संपू दिली. दुसरी बाजू धरल्यावर मयूरीनं उजवा हात लांब करून बटण दाबलं.

तात्या दारात पाठमोरे उभे होते. "मला पाणी दे म्हणत न्हाई," ते बाहेर बघत म्हणाले, "आधी तू पी."

चौकशी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. ताबा न सोडल्याबद्दल मयूरीला महिनाभर खुर्चीवरून दूर ठेवण्यात आलं. त्याच आठवड्यात तात्यांना एक पत्र आलं: उलट वळणाचे नमुने नोंदवण्यासाठी अनुभवी चालक हवे आहेत. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"जाणार?" मयूरीनं विचारलं.

"जाईन. पण बाकीच्या अकरांना पण बोलवा म्हणतो. एकटा मीच मागं घेत होतो असं नको दिसायला." पत्राची घडी घालून त्यांनी ते बदकाखाली ठेवलं. "आणि काय गं, हे शिकल्यावर त्याला माणूस लागणारच न्हाई ना? एवढंच राहिलं होतं माझ्याकडं."

उत्तराची वाट न बघता ते अंगणात गेले.

तिच्यासमोर चौकशीचा अर्ज होता. 'घटनेचे कारण' या शीर्षकाखाली चार ओळी मोकळ्या. सकाळी तात्यांनी तिला बजावलं होतं, "दगड माझा, तसंच लिही. माझं नाव झाकू नकोस. झाकूनच तर हे झालं."

रेणू तिच्या उजव्या हातावर झोपली होती. दूध पिता पिताच झोपलेली, ओठ अजून हलत होते. हात काढला असता तर ती उठली असती. खिडकीतून घाट दिसत होता. पलीकडच्या उतारावरून एक ट्रेलर उतरत होता आणि त्याच्या वळणाखाली चार मोटारी निमूट उभ्या होत्या. त्यांच्यात कोण होतं, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. त्यांतली एखादी अडून सावलीत सापडली असती, तर चाळीस घाटांतल्या कुठल्याही गाडीसारखीच तिची दारं बंद झाली असती, शांतपणे, तिच्या अर्ध्या पानाप्रमाणं.

मयूरीनं डाव्या हातात पेन घेतलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वाकडंतिकडं येत होतं. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं: चाकामागचा दगड, हणमंत शेडगे यांनी लावलेला, गाडीत बाळ होते म्हणून.

दुसऱ्या ओळीला तिला बराच वेळ लागला. रेणूनं झोपेतच तिचं बोट मुठीत धरलं होतं आणि सोडत नव्हती.

बंद दारे, तिनं लिहिलं. ती मी लावली. गाडीत कोण आहे हे न विचारता.